कसूर कोणाची?

मार्च महिन्याची २४ तारीख वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेली आहे. १८८२ साली याच दिवशी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू सापडल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले, आणि म्हणून जगभर हा दिवस क्षयरोग-दिन म्हणून पाळतात. २०२० साली याच तारखेस, रात्री आठ वाजता, आपल्या देशात टाळेबंदीची घोषणा झाली व मध्यरात्रीपासून ती अमलात आली. हा निव्वळ योगायोग होय. परंतु त्यानंतरच्या दोन वर्षांत क्षयरोग्यांच्या वाट्यास जे आले ते पाहता हा योगायोग टिपून ठेवण्यासारखा आहे. एका नव्या साथीस अटकाव करण्यासाठी जी दारे लावली गेली, त्यांच्यामागे फार जुन्या रोगाचे कितीतरी रोगी आपल्या औषधापासून तुटले.

आम्ही लखनौत नोकरीनिमित्त येऊन राहिलेली मंडळी. या अंकाच्या वाचकांतही मुलूख सोडून दूर कचेऱ्यांत बसणारे, दिवसभर कागदांवर शेरे मारणारे पुष्कळ आहेत. म्हणून या विषयाकडे वैद्याचा आव आणून पाहण्यापेक्षा शेरा मारणाऱ्याच्या खुर्चीतून पाहणे आम्हांस अधिक प्रामाणिकपणाचे वाटते. प्रश्न साधा आहे. क्षयाचा रोगी औषध मध्येच का सोडतो? आणि त्याला जोडूनच दुसरा : 'सोडले' हे क्रियापद नेहमी त्याच्याच नावापुढे का लिहिले जाते?

क्षयाच्या नोंदवह्यांत दीर्घकाळ एक इंग्रजी शब्द चालत आला. तो शब्द 'डिफॉल्टर'. सलग दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ ज्याचे औषध तुटले, त्याच्या नावापुढे हा शब्द पडत असे. मुळात तो वैद्यकातला नव्हेच. तो पेढीवरचा आणि महसुलातला शब्द आहे. सारा मुदतीत न भरणारा, कर्जाचा हप्ता चुकविणारा, पुकारा होऊनही हजर न राहणारा, असा जो कोणी असेल तो डिफॉल्टर. आपल्या दप्तरी मराठीत त्याला थकबाकीदार किंवा कसूरदार म्हणतात. रोग्यास हा शब्द लावला की त्याच्याकडे काहीतरी देणे होते व ते त्याने बुडविले, असे आपोआप सिद्ध होते. पुरावा मागावा लागत नाही. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या व्याख्यांतून हा शब्द काढला आणि 'पाठपुराव्यातून सुटलेला' अशा अर्थाची संज्ञा घातली. बदल लहान दिसतो. पण पहिल्या शब्दात कसूर ठरून गेलेली होती. दुसऱ्यात, रोगी कोणाच्या हातून सुटला, हा प्रश्न निदान उघडा राहतो.

रोग्यास दोषी धरण्याची चाल मात्र इंग्रजी अमदानीहून पुष्कळ जुनी आहे. आपल्या पुराणांनी या रोगास राजयक्ष्मा म्हटले व त्याची उत्पत्ती चंद्राच्या कथेशी जोडली. दक्षाच्या २७ कन्या चंद्रास दिलेल्या होत्या; तो एकट्या रोहिणीत रमला, इतरांची उपेक्षा करू लागला, म्हणून दक्षाने त्यास क्षयाचा शाप दिला. पुढे प्रभास क्षेत्री त्यास उ:शाप मिळाला, पण अर्धाच : पंधरा दिवस झिजावे, पंधरा दिवस भरावे. कथा रम्य आहे आणि या रोगाच्या चढउतारांचे निरीक्षणही तीत आहे. तथापि तिच्या पोटात एक निवाडाही आहे. झिजतो त्याचे आचरण कोठेतरी चुकले असले पाहिजे, असा तो निवाडा. हजारो वर्षांनी तोच निवाडा नोंदवहीच्या रकान्यात येऊन बसला असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

औषध नव्हते तोवर औषध सोडल्याचा दोषही नव्हता. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय अवघे एकवीस. ज्या रोगाने त्यांना नेले, त्यावर त्यांच्या पदवीच्या पुस्तकांत इलाज नव्हता. त्या काळी डॉक्टरांपाशी सांगण्याजोगे तीनच पदार्थ होते : हवा, विश्रांती आणि सकस अन्न. त्यासाठी डोंगरावर आरोग्यधामे बांधली जात. या प्रांतातील लोकांसाठी नैनीतालजवळ भोवाली येथे १९१२ साली असे आरोग्यधाम निघाले. ते गाव आता उत्तराखंडात गेले आहे. कमला नेहरूंना तेथे ठेवले होते. पुढे त्यांना युरोपात नेण्यात आले व २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझान येथे त्यांचा अंत झाला. इतक्या मोठ्या घरचा हा अनुभव. चौक किंवा अमीनाबादच्या गल्लीतील विणकऱ्यास, जरीवाल्यास, टांगेवाल्यास हवा कोठली, विश्रांती कोठली आणि सकस अन्न तरी कोठले?

१९४३ साली अमेरिकेत वाक्समनच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. पाठोपाठ पास हे औषध आले आणि १९५२ साली आयसोनायझिड, ही स्वस्त गोळी. स्वतंत्र भारताने या नव्या विद्येचे उत्साहाने स्वागत केले. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंनी लखनौत केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे उद्घाटन केले. ही संस्था गोमतीकाठी, नबाबांच्या छतर मंझिलमध्ये थाटली होती आणि सुमारे सहा दशके तेथेच नांदली. ज्या दालनांत बेगमा वावरल्या तेथे काचनळ्या मांडल्या गेल्या. इकडे महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली सरकारी मालकीचा प्रतिजैविकांचा कारखाना उभा राहिला. क्षय आता जाणार, अशी त्या पिढीची खात्री झाली होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

त्याच दशकात मद्रास येथे एक प्रयोग झाला. तो जगाच्या वैद्यकात गाजला. आपण मात्र त्याला जवळजवळ विसरलो आहोत. १९५६ साली सुरू झालेल्या तेथील केंद्राने गरीब वस्तीतील रोग्यांचे दोन गट केले. एकास आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्यास त्याच्या दाटीवाटीच्या घरीच राहू दिले. औषध दोघांस तेच. वर्षभराने पाहिले तर घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झालेले होते. १९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि आरोग्यधामांचे युग संपण्याच्या मार्गास लागले. गरिबाला घरी बसून बरे होता येते, हा केवढा मोठा दिलासा होता!

पण या दिलाशाबरोबर एक नवा संशयही जन्मास आला. आरोग्यधामातील परिचारिका गोळी हातावर ठेवते. घरी ती कोण ठेवणार? म्हणून मद्रासच्या डॉक्टरांनी रोग्यांच्या घरी अवचित जाऊन उरलेल्या गोळ्या मोजण्याची व लघवी तपासण्याची पद्धत घातली. शास्त्राच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. काही रोगी गोळ्या घेत नाहीत, हे त्यातूनच कळले. पण तेव्हापासून क्षयरोगी हा जंतूइतकाच नजरेखाली ठेवण्याचा विषय बनला. तो गोळी गिळतो की नाही, एवढाच प्रश्न राहिला. गिळण्यासाठी त्याला काय काय लागते, हा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न विचारणारे कोणी नव्हते असे नाही. १९५९ साली बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तेथे देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी खेड्यांत हिंडून एक पाहणी केली आणि १९६३ साली ती प्रसिद्ध झाली. अडाणी खेडुतास आपल्या रोगाची जाणीव नसते, त्याला ती करून दिली पाहिजे, असे त्या वेळी सर्वमान्य मत होते. पाहणीत उलटे दिसले. बहुसंख्य रोग्यांना आपल्याला काही झाले आहे हे ठाऊक होते; जवळजवळ निम्मे तर सरकारी दवाखान्याची पायरी चढूनही आले होते, आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत गेले होते. रोगी दाराशी आला होता. दारातील माणसाने त्यास ओळखले नाही.

१९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच विचारांवर उभारला गेला : निदान व औषध दोन्ही फुकट आणि घराजवळच्या सामान्य दवाखान्यातच. योजना उत्तम होती. पण वर्ष-दीड वर्षाचा उपचार, दवाखान्यात कधी गोळी आहे तर डॉक्टर नाही, डॉक्टर आहे तर गोळी नाही. १९९२ साली आढावा घेतला तेव्हा उपचार पुरा करणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून पुष्कळच खाली असल्याचे आढळले. पुढच्या वर्षापासून नव्या कार्यक्रमाची चाचणी सुरू झाली. रिफॅम्पिसिनमुळे उपचार सहा-आठ महिन्यांवर आला होता. आता रोग्याने दिवसाआड केंद्रावर यावे व कोणाच्या तरी देखत गोळ्या घ्याव्यात, असा नियम झाला. २००६ पर्यंत ही पद्धत देशभर पोचली. तिने असंख्य जीव वाचविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. २०१७ पासून गोळ्या दररोज घ्यावयाच्या झाल्या. २०१८ च्या एप्रिलपासून रोग्याच्या बँकखात्यात आहारासाठी दरमहा ५०० रुपये येऊ लागले. त्याच वर्षी, २०२५ पर्यंत देशातून क्षयाचे उच्चाटन करण्याचा संकल्प जाहीर झाला. ती मुदत येऊन गेली. रोग गेलेला नाही.

या संकल्पाच्या मध्यावरच करोनाची साथ आली. ती आवरण्यासाठी प्रांतोप्रांतीच्या सरकारांनी जो कायदा बाहेर काढला तो १८९७ चा, साथीच्या रोगांचा. आपल्या वाचकांस त्याची जन्मकथा सांगण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी तो झाला आणि त्याच प्लेगात पुण्याच्या घराघरांत गोरे सोजीर शिरले. लोकांनी आजारी माणसे माळ्यांवर, न्हाणीघरांत लपविली. रँडचा खून झाला तो त्याच वर्षी जूनमध्ये. सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या, तेही तेच वर्ष. तीन वर्षांनी कानपुरासही प्लेगाच्या छावणीवरून दंगा झाला. त्या इतिहासातून एक धडा मिळतो : रोग सांगितल्याने संकट ओढवते असे लोकांस वाटले की ते रोग लपवितात. २०२० मधले सरकार परके नव्हते आणि त्याचा हेतूही संरक्षणाचा होता; पण माणसाची रीत तीच राहिली. करोनाचे लक्षण खोकला, क्षयाचेही खोकला. ज्या गल्लीत खोकणाऱ्याच्या घरावर पत्रक चिकटविले जाई व दोरी बांधली जाई, त्या गल्लीतील क्षयरोग्याने तोंडावर उशी दाबून खोकावे आणि दवाखान्याचे नाव काढू नये, यात नवल ते काय?

दवाखान्याचे नाव काढले तरी पुढचा मार्ग सुकर नव्हता. येथील किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय १९११ साली सुरू झालेले, आता विद्यापीठ झालेले. फुप्फुसाच्या रोगांसाठी साऱ्या अवधचे लोक तेथे येतात. करोनाची तपासणी या राज्यात प्रथम सुरू झाली तीही तेथेच. देशभर हेच घडले. जी यंत्रे थुंकीतील क्षयाचा जंतू दोन तासांत ओळखत, त्यांवर आता करोनाचे नमुने लागू लागले. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट हे लहानसे यंत्र क्षयासाठीच घडविलेले. त्यासही याच कामास जुंपले गेले. क्षयाच्या कामावरील कर्मचारी घरोघर करोनाचे रोगी शोधू लागले. बाह्यरुग्ण विभाग बंद, सार्वजनिक वाहने बंद. आपत्ती इतकी मोठी होती की यात कोणास दूषण देणे योग्य होणार नाही. एवढे मात्र दिसते की क्षयाच्या रोग्यास केंद्रापर्यंत नेणारा रस्ता आणि केंद्रात त्याची वाट पाहणारा माणूस, हे दोन्ही एकाच आठवड्यात नाहीसे झाले.

येथे आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या वसाहतीच्या बागेत एक माळी कामास येत असे. तो राही जुन्या शहरात. रोज गोमती ओलांडून सायकलीने येई. २०२० च्या जानेवारीत त्यास क्षयाचे निदान झाले. औषधासाठी त्याने नाव नोंदविले ते राहत्या मोहल्ल्यात नव्हे, तर आमच्या वसाहतीजवळच्या केंद्रात. कारण उघड होते. कामास येता-जाता गोळ्या मिळत, खाडा होत नसे, आणि मोहल्ल्यात कोणास कळतही नसे. त्याच्यापाशी फोन नव्हता, म्हणून केंद्राच्या वहीत त्याने वसाहतीच्या चौकीचा क्रमांक दिला होता. मार्चपर्यंत सारे सुरळीत चालले. ताप गेला, अंग धरले.

टाळेबंदीत आमच्या वसाहतीच्या मंडळाने बाहेरच्या नोकरमाणसांस फाटकातून मज्जाव केला. तशा सूचना त्या वेळी घरोघर, गावोगाव निघाल्या होत्या. जूनमध्ये फाटक उघडले तेव्हा माळी आला तो खोकतच. औषध एप्रिलच्या मध्यापासून बंद होते. आम्ही त्यास चांगलेच फैलावर घेतले. अर्धवट औषधाने रोग चिवट होतो, तू स्वतःच्याच नव्हे, मुलाबाळांच्याही जिवाशी खेळतोस, असे बरेच काही सुनावले. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "साहब, दवा गरम करती है। खाली पेट कैसे खाते?" केंद्रात चौकशी केली तेव्हा कळले की तेथून चौकीवर दोनदा फोन आला होता आणि पहारेकऱ्याने 'आता येत नाही' असे खरे तेच उत्तर दिले होते. वहीत त्याप्रमाणे नोंद झाली होती. मागाहून एकदा मंडळाचे कागद चाळताना मज्जावाची ती सूचना हाती आली. तिच्यावर इतरांच्या सह्यांबरोबर आमचीही सही होती.

या एका माणसाचे औषध कसे तुटले ते नीट पाहिले, तर पुष्कळ रोग्यांचे कसे तुटते ते उमगते. त्याचे औषध त्याच्या मजुरीच्या वाटेस बांधलेले होते. वाट बंद झाली आणि औषध बंद झाले. मजुरी गेली तशी भाकरी आटली. या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की मळमळते, पोटात आग पडते. रिफॅम्पिसिनने लघवीस नारिंगी रंग येतो तो पाहून माणूस घाबरतो. उत्तर हिंदुस्थानात यालाच औषध गरम पडणे म्हणतात. नेमके त्याच सुमारास त्यास बरे वाटू लागलेले होते. हा या रोगाचा सर्वांत मोठा कावा आहे. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधांच्या माऱ्याने बहुतेक जंतू मरतात, भूक लागते, वजन वाढते. उरलेले थोडे जंतू सुस्त पडून राहतात, आणि पुढचे चार महिने औषध घ्यावयाचे ते या सुस्त जंतूंसाठी. जो रोग जाणवत नाही त्यावर, पोटात अन्न नसता, मळमळ सोसून गोळी घ्यावी, असे रोग्यास सांगावयाचे तर सांगणारे माणूस रोज समोर असावे लागते. टाळेबंदीत तेच माणूस दूर झाले.

दुसरे एक दृश्य आठवते. ३ मे २०२० रोजी नाशिकहून निघालेली श्रमिकांची पहिली विशेष गाडी लखनौच्या चारबाग स्थानकात आली. तिच्यातून आठशेंवर माणसे उतरली. त्यानंतर मुंबई, पुणे, ठाणे येथून अशा कित्येक गाड्या आल्या. जे गाडीची वाट पाहू शकले नाहीत ते मालमोटारीने, सायकलीने, पायी आले. मुंबईच्या दाट वस्त्यांत क्षय किती आहे आणि त्यांतला औषधास न जुमानणारा किती, हे मुंबईकरांस ठाऊकच आहे. या परतणाऱ्यांत क्षयाचे रोगी नसतील असे कोण म्हणेल? त्यांची नोंद धारावीच्या किंवा नाशिकच्या केंद्रात, आणि ते स्वतः बाराबंकी वा गोंड्याच्या खेड्यात. संगणकावर नाव एका जिल्ह्यातून दुसऱ्यात पाठविण्याची सोय होती; पण नाव पाठविण्यास अगोदर माणूस कोठे गेला हे कळावे लागते. आपण महाराष्ट्रातून येथे बदलून येतो तेव्हा आपल्या मागोमाग आपली सेवापुस्तिका येते, प्रवासभत्ता येतो. श्रमिकाच्या मागोमाग त्याची गोळी येईल अशी व्यवस्था होती ती कागदावर. ती बजावणारी माणसे दुसऱ्या कामावर गेलेली होती.

आकडे बोलतात ते असे. २०१९ साली देशात सुमारे २४ लाख क्षयरोग्यांची नोंद झाली होती; २०२० साली ती १८ लाखांवर आली. रोग कमी झाला म्हणून नव्हे, तर शोधणारे व सांगणारे कमी झाले म्हणून. जगभरातही नोंद ७१ लाखांवरून ५८ लाखांवर घसरली, आणि क्षयाने होणारे मृत्यू दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा लखनौने जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी रात्रभर रांगा लागत होत्या. भैसाकुंडच्या स्मशानाभोवती पत्रे ठोकावे लागले होते. त्या दिवसांत कोणी क्षयाच्या गोळ्यांसाठी घराबाहेर पडले नाही, तर त्यास कसूरदार म्हणण्यास जीभ कशी रेटावी? १९१८ च्या इन्फ्लुएंझानेही हा प्रांत असाच उजाड केला होता. कवी निरालांची पत्नी आणि घरातील अनेक माणसे त्याच साथीत दलमऊकडे गेली. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. १०२ वर्षांनी औषध होते, फुकट होते. मध्ये तुटला तो फक्त ते पोचविणारा हात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोगी स्वतःच्या हलगर्जीने, व्यसनापायी, कोणा भोंदूच्या नादी लागूनही औषध सोडतात. साथ नसतानाही सोडतात. शिवाय सरकार हातावर हात ठेवून बसले होते असेही नाही. एक महिन्याचे औषध एकदम द्यावे, जमेल तेथे घरपोच करावे, असे आदेश टाळेबंदीच्या सुरुवातीसच निघाले होते. ते आदेश पाळण्यासाठी आशाताई व क्षयरोग केंद्रांचे कर्मचारी तोंडावर फडके बांधून उन्हातान्हात हिंडले. त्यांच्यामुळे लाखो रोग्यांचे औषध तुटले नाही. पुढे नोंदीही सावरल्या. २०२२ साली त्या पुन्हा २४ लाखांवर गेल्या. आहाराची रक्कम २०२४ च्या नोव्हेंबरपासून दरमहा १,००० रुपये झाली. तिच्यामागे सबळ पुरावा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या झारखंडातील प्रयोगात, ज्या घरांत सर्वांस शिधा दिला तेथे घरच्या माणसांस क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. मद्रासच्या प्रयोगाने अन्नावाचूनही औषध चालते असे दाखविले होते. झारखंडाने अन्न हेही औषधच आहे असे दाखविले. आमच्या माळ्याने हेच आपल्या भाषेत सांगितले होते; आम्हांस ती सबब वाटली.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये, साथ कधीच ओसरलेली असताना, क्षयाच्या औषधांचाच तुटवडा पडला आणि ती स्थानिक पातळीवर विकत घ्यावीत असे केंद्रास राज्यांना कळवावे लागले. रोगी केंद्रावर येत होते. गोळ्या येत नव्हत्या. त्या दिवसांत ज्यांचे औषध तुटले त्यांच्या नावापुढे कोणता शेरा लिहावयाचा? रोग्याने दोन महिने खंड पाडला तर त्यासाठी वहीत रकाना आहे. पुरवठ्याने खंड पाडला तर त्यासाठी रकाना नाही.

ज्याच्यासाठी रकाना असतो त्याचाच दोष नोंदला जातो, हे आपल्यासारख्या दप्तरात वावरणाऱ्यांनी तरी ओळखावयास हवे. कोणतीही वही कोणाच्या तरी बाजूने आखलेली असते. सारा थकला तर शेतकऱ्याचे नाव लागते, पाऊस थकला याची नोंद वेगळ्या खात्यात होते. दोन्ही कागद एकत्र ठेवून पाहणारा अधिकारी विरळा. क्षयाच्या वहीशेजारी बसच्या फेऱ्यांचा तक्ता, शिधावाटपाचा तक्ता, यंत्रे कोठे वळविली त्याचा तक्ता आणि आमच्या वसाहतीची ती सूचना, एवढे ठेवले असते, तर २०२० साली किती रोग्यांनी औषध सोडले आणि कितींना औषधाने सोडले, हे बहुधा कळले असते.

पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. पण येईल हे इतिहास सांगतो. तेव्हाही फाटके लावावी लागतील, आणि त्या सूचनेवर सह्या करणाऱ्यांत आपल्यांपैकी कोणी असेलच. सही करण्यापूर्वी एवढे विचारता येईल की या फाटकातून रोज कोणाकोणाचे औषध आत-बाहेर जाते. प्रश्न विचारण्यास पाच मिनिटे लागतात.

आमच्या माळ्याने पुन्हा पहिल्यापासून उपचार घेतला आणि या खेपेस पुरा केला. मधल्या दिवसांत त्याच्या थोरल्या मुलीसही तोच रोग झाला होता. तीही बरी झाली, मात्र शाळेचे एक वर्ष गेले. तो अजून कामास येतो. फाटकाची गोष्ट त्याने कधी काढली नाही. आम्हीही काढली नव्हती. ती येथे लिहून ठेवीत आहोत.